देवाचं काम दिसत नाही? मग या चुका टाळा

दर गुरुवारी आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या लोकांत, कोणाच्या ना कोणाच्या घरी प्रार्थनासभा असते. दोन गीतं होतात, बायबलमधलं वचन वाचलं जातं आणि मग पाळकसाहेब विचारतात, “कोणाची साक्ष?” म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं, ते उठून सांगायचं. लगेच सगळ्यांच्या माना खाली जातात, जणू सतरंजीची वीण आजच बघायची आहे. शेवटी कोणीतरी उठतं. मुलाला नोकरी लागली. रिपोर्ट नॉर्मल आला. कॅनडाचा व्हिसा मिळाला. हालेलुया, आमेन, चहा.

एकदा चहानंतर कप विसळताना एक बाई मला हळूच म्हणाल्या, “आमच्याकडे प्रभू काही करतच नाही हो. मी साक्ष काय देणार?” घरात अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई, नवऱ्याचं काम सुटलेलं. आणि तरी दर गुरुवारी सगळ्यांच्या आधी येऊन खुर्च्या मांडणार त्याच. मी तोंडदेखलं म्हटलं, “होईल हो, प्रार्थना करा.” घरी येईपर्यंत स्वतःचीच लाज वाटायला लागली. शब्बाथ शाळेत, म्हणजे चर्चमधल्या मुलांच्या बायबल वर्गात, बावीस वर्षं शिकवून मला एवढंच सुचावं?

तेव्हापासून मी या प्रश्नाच्या मागे लागले आहे. आपण बघायला कुठे चुकतो, एवढ्यापुरतंच इथे लिहिते. यातल्या बहुतेक चुका मी स्वतः केलेल्या आहेत.

चूक पहिली: देवाला फक्त निकालात शोधणं

बायबलमधल्या एलीयाची गोष्ट आमच्यात सगळ्यांना पाठ आहे. कर्मेल डोंगरावर अग्नी उतरला, आणि लगेच पुढच्या अध्यायात हाच संदेष्टा ईजबेल राणीच्या धमकीनं पळत सुटला. उपदेशात आपण इथून थेट होरेब डोंगरावर पोचतो. वारा झाला, भूकंप झाला, अग्नी झाला, आणि मग देवाची ती शांत, मंद वाणी. मी मात्र शब्बाथ शाळेच्या पोरांना वाटेतल्या झुडपाखाली थांबवते. तिथे एलीया देवाकडे मरण मागून आडवा झालाय. देवदूत येतो, पण उपदेश करत नाही. ऊठ, खा, एवढंच म्हणतो. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी. एलीया खातो आणि परत झोपतो. देवदूत परत उठवतो, परत खा म्हणतो. पुढचा चाळीस दिवसांचा रस्ता तो त्या अन्नाच्या बळावर चालला, असं १ राजे १९ मध्ये लिहिलंय. म्हणजे मंद वाणी ऐकू येण्याच्या कितीतरी आधी देवाचं काम सुरू झालं होतं, झोप आणि भाकर या रूपात. गुरुवारी कोणी उठून सांगेल का, “काल मला शांत झोप लागली, प्रभूची स्तुती असो”? लोक हसतील, याच भीतीनं सांगत नाही.

माझ्या आईची दुधाची वही होती. स्वयंपाकघरात खिळ्याला सुतळीनं टांगलेली, सुतळीच्या दुसऱ्या टोकाला पेन्सिलीचा तुकडा. एकदा दूधवाल्या भाऊंशी अर्ध्या लिटरवरून वाद झाला म्हणून मी ती वही काढून हिशेब करायला बसले. तारीख, पुढे दुधाचं माप, आणि उजवीकडे समासात कुठे कुठे एखादा शब्द. ‘शेजारून भाकरी.’ ‘नळ आला.’ ‘दादांचं पत्र.’ ‘राग गिळला.’

“हे काय गं?”

“प्रभूनं केलेलं. लिहिलं नाही तर विसरते.”

“आणि राग गिळला, ते?”

“तो काय मी गिळला, असं वाटतं तुला?”

आईचा स्वभाव ज्यांना माहीत होता त्यांना हे उत्तर पटेल. अर्ध्या लिटरच्या वादात भाऊच बरोबर निघाले, ते वेगळं.

त्या एका नोंदीनं मला जे शिकवलं ते फार उशिरा लक्षात आलं. आपण देवाचं काम नेहमी बाहेर शोधतो: नोकरीत, पगारात, रिपोर्टात. गलतीकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात आत्म्याच्या फळाचे नऊ गुण दिलेत. प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता वगैरे. त्यातला एकही बँकेच्या पासबुकात दिसत नाही. तुमच्यात काही बदललंय का, हे तुम्हाला सांगता येणार नाही कदाचित. घरच्यांना विचारा. सुनेला विचारायची हिंमत असेल तर उत्तमच.

चूक दुसरी: जिथे तिथे इशारा शोधणं

ही पहिलीच्या अगदी उलट, आणि उत्साही लोकांना हटकून होणारी. पुण्यात लक्ष्मी रोडवर गाडी लावायला जागा मिळाली की ‘प्रभूची कृपा’. मग मागून चौथी फेरी मारणारा बिचारा कृपेच्या बाहेर का? आभार मानायला माझी काहीच हरकत नाही. हरकत आहे ती त्यातून अर्थ उपसण्याला.

आमच्याकडे ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत वचनाची कार्डं वाटतात. ताटातून एक उचलायचं, ते आपलं वर्षाचं वचन. एका वर्षी मला अब्राहामाला ‘आपला देश सोडून नीघ’ म्हटलेलं वचन आलं. झालं! मी जानेवारीतच बदलीचा अर्ज टाकला. बदली झाली नाही. मार्चमध्ये कळलं की शेजारी बसलेल्या मैत्रिणीलाही तेच कार्ड आलं होतं, छापलेल्या संचात दोन-दोन प्रती होत्या. ती तर त्याच महिन्यात घरच्या घरी पापडांचा उद्योग सुरू करत होती. वचन दोघींसाठीही खरंच होतं, आम्ही त्याला बसचं तिकीट समजलो.

असं काही झालं की लोक गिदोनाच्या लोकरीचा दाखला देतात: देवाकडे खूण मागायला त्यानं रात्री लोकर पसरून ठेवली होती. पण शास्ते ६ नीट वाचा. लोकर खळ्यात पसरण्याआधी गिदोनाला आज्ञा मिळून गेलेली आहे, खडकातून निघालेल्या अग्नीची खूणही मिळालेली आहे. लोकर ही त्याच्या भित्रेपणाची गोष्ट आहे. दुसऱ्यांदा खूण मागताना तो स्वतःच ‘रागावू नकोस’ म्हणतो. देवानं त्याला सांभाळून घेतलं, हा देवाचा मोठेपणा. त्यावरून नियम कशाला करायचा?

त्यापेक्षा मला प्रेषितांची कृत्ये १६ जास्त उपयोगी वाटतं. प्रेषित पौल आणि त्याचे सोबती आसिया प्रांतात जायला निघाले तर वाट अडली, बिथुनियाकडे वळले तर तीही अडली. मग त्रोवस गावी पौलाला रात्री ‘इकडे ये’ म्हणणाऱ्या मासेदोनियाच्या माणसाचा दृष्टान्त झाला. आणि पुढे काय झालं? हे पुस्तक लिहिणारा लूक म्हणतो की देव तिकडे बोलावतोय, असं आम्ही अनुमान काढलं. ‘मी’ नाही, ‘आम्ही’. दृष्टान्त एकट्या पौलाला, पण निष्कर्ष सगळ्यांनी मिळून काढला, दोन बंद दारं आणि एक स्वप्न शेजारी शेजारी ठेवून.

हा देवाचा आवाज की माझीच हौस, असा गोंधळ असेल तर मी आता एवढंच बघते. शास्त्राच्या विरुद्ध जात नाही ना? मला ओळखणाऱ्या, माझं खोटं कौतुक न करणाऱ्या दोघांना ते पटतंय का? पंधरा दिवसांनीही ते तसंच वाटतंय का? आणि नेमकं मला हवं तेच देव म्हणाला असेल, तर मी अजून आठवडाभर थांबते.

चूक तिसरी: दुसऱ्याच्या दुःखाचा अर्थ लावणं

ही चूक मला सगळ्यांत वाईट वाटते. तरुण मुलगा गेलेल्या घरी जाऊन ‘देवाला फूल आवडलं म्हणून खुडलं’ म्हणणारे मी ऐकलेत. त्या आईनं उत्तर दिलं नाही, भिंतीकडे तोंड केलं. ‘यातून देवाला काहीतरी शिकवायचं असेल’, ‘घरात प्रार्थना कमी पडली असेल’ ही त्याचीच भावंडं.

सगळं गमावून बसलेल्या ईयोबाचे मित्र आले तेव्हा सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले. तोपर्यंत त्यांचं सगळं बरोबर होतं. तोंड उघडलं आणि बिघडलं. जन्मांध माणसाला बघून शिष्यांनी येशूला विचारलं, पाप कोणी केलं, यानं की याच्या आईबापांनी? योहान ९ मध्ये येशू म्हणतो, यानंही नाही आणि त्यांनीही नाही. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेली होती. ती इतरांपेक्षा जास्त दोषी होती का, असं विचारून लूक १३ मध्ये ‘नाही’ हे उत्तरही तोच देतो.

पंडिता रमाबाईंचं बघा. आईवडील दुष्काळात गेले, नवरा लग्नानंतर दोन वर्षांच्या आत पटकीनं गेला, आणि ज्या मनोरमेच्या हाती केडगावचं मुक्ती मिशन सोपवायचं ती एकुलती एक मुलगी १९२१ मध्ये त्यांच्या आधी गेली. या एकेका मृत्यूचा अर्थ सांगणारे त्या काळीही भेटले असतीलच. रमाबाई मराठी बायबलच्या भाषांतराचं काम शेवटपर्यंत करत राहिल्या आणि एप्रिल १९२२ मध्ये गेल्या. त्या घरात देव कुठे होता, हे बाहेरून सांगायचा अधिकार मला नाही. ज्याचं दुःख, त्यानं सांगावं, तेही त्याला वाटेल तेव्हा. आपण डबा पोचवावा.

चूक चौथी: आजचा अर्थ आजच लागला पाहिजे हा हट्ट

१८९३ साली नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला रेल्वेनं निघाले होते. डब्यात एका अनोळखी युरोपियन माणसाशी गप्पा झाल्या, उतरताना त्यानं टिळकांच्या हाती बायबलचा नवा करार ठेवला. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. त्या प्रवासाच्या रात्री दोघांपैकी कोणाला काय दिसलं असेल? एक जण वाचायचं वचन देऊन बसला, दुसरा आपल्या स्टेशनावर उतरून गेला. त्यानं घरी जाऊन ‘आज काही विशेष घडलं नाही’ असंही म्हटलं असेल. लक्ष्मीबाईंना तर अजून पाच वर्षं लागली. नवऱ्यापासून दूर राहून, सोवळ्याओवळ्याशी स्वतःच झगडून, १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. घाई करणाऱ्यांनी १८९६ मध्ये त्यांची साक्ष मागितली असती तर चांगलीच ऐकून घ्यावी लागली असती.

बायबलमधली रूथ सरवा वेचायला निघाली आणि योगायोगानंच बवाजाच्या, म्हणजे पुढे तिचा नवरा झालेल्या माणसाच्या, शेतात पोचली. एस्तेरच्या पुस्तकात इब्री भाषेत देवाचं नावसुद्धा येत नाही. एका रात्री राजाला झोप लागत नाही, एवढ्यावर सगळी गोष्ट फिरते. आधी योगायोगच दिसला, मागचा हात नंतर. तेव्हा आजच्या नोंदीपुढे प्रश्नचिन्ह राहू द्या. वर्षानं परत बघा.

चूक पाचवी: मंडळीच्या आवारातच शोधणं

याकोब उशाला धोंडा घेऊन उघड्यावर झोपला होता, तिथे त्याला कळलं की परमेश्वर इथेही आहे. सतराव्या शतकात पॅरिसच्या एका मठात ब्रदर लॉरेन्स नावाचा साधा सेवक होता, त्याला देवाचा सहवास स्वयंपाकघरात भांड्याकुंड्यांत मिळाला. हे आपल्याला पटतं. पटत नाही ते पुढचं. यशया ४५ मध्ये देव इराणच्या कोरेश राजाला आपला अभिषिक्त, म्हणजे निवडलेला, म्हणतो, आणि तो राजा तर त्याला ओळखतही नव्हता. महाराष्ट्रात आपण मूठभर. आपल्या मदतीला येणारे बहुतेक हात मंडळीबाहेरचेच असणार. आईला रात्री दीड वाजता दवाखान्यात नेलं तो रिक्षावाला मुसलमान होता, आणि शेजारच्या ज्या काकूंची भाकरी वहीत आहे त्यांच्या घरी गणपती बसतो. साक्ष देताना आपण ही माणसं गाळतो आणि सरळ ‘प्रभूनं सोय केली’ म्हणतो. सोय ज्यांच्या हातून झाली त्यांचं नाव घ्या की! आणि त्यांच्या दारात जाऊन आभार माना.

मग करायचं काय

एक सवय मला वसईच्या एका कॅथलिक मैत्रिणीनं लावली. आमच्या मंडळीत कॅथलिक संत इग्नेशियस लोयोलाचं नाव काढलं की काहींच्या भुवया चढतात, पण पद्धत कामाची आहे. १५२१ मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळा लागून या सरदाराचा पाय मोडला. अंथरुणात पडल्या पडल्या त्याच्या एक लक्षात आलं: पराक्रमाची दिवास्वप्नं पाहताना मजा येई, पण नंतर मन कोरडं पडे. ख्रिस्तामागे जाण्याचे विचार केले की समाधान नंतरही टिकून राही. नंतर काय उरतं ते बघायचं, ही त्याची खूण.

सवय अशी: रात्री दिवा घालवण्याआधी पाच-सात मिनिटं. आधी आभार. मग, ‘प्रभू, तू बघतोस तसा आजचा दिवस मला दाखव’ एवढी प्रार्थना. मग सकाळपासूनचा दिवस डोळ्यांसमोरून सरकवायचा: पाण्याची मोटर, डबा, बस, साहेब, मुलांचा अभ्यास. कुठे मन हलकं झालं, कुठे आकसलं? चुकलं तिथे क्षमा, आणि उद्यासाठी एक मागणी. मला बहुतेक वेळा बसच्या पुढे जाईपर्यंतच झोप येते. एलीयाला आठवून मी झोपते.

तरीही महिनोन्‌महिने काहीच दिसत नसेल तर स्वतःला दोष देऊ नका. स्तोत्र ८८ वाचा; ते अंधारातच संपतं आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे. मात्र झोप उडाली असेल, अन्न गोड लागत नसेल, जगणं नको वाटत असेल, तर डॉक्टरकडे जा. प्रार्थना चालू ठेवून जा. लूक स्वतः वैद्य होता.

आईसारखी वही सुरू केलीत तर आठव्या दिवशी ती बंद पडेल, हेही सांगून ठेवते. माझी तीनदा पडली. आईच्या दुधाच्या वहीतही सबंध मे महिना कोरा आहे, एक शब्द नाही. मी मोठ्या गंभीरपणे विचारलं, “आई, त्या महिन्यात काय झालं होतं गं?”

“दूध बंद होतं,” ती म्हणाली. “आपण सगळे मामाकडे नव्हतो का गेलो?”