तुरीच्या पानाला गोल काप दिसला की लगेच पंप उचलू नका

अक्कलकोट, बार्शी, दक्षिण सोलापूर भागात तूर फुलोऱ्यात आली की एक फोन हमखास येतो: "पानं कात्रीनं कापल्यागत गोल कापल्यात, कुठली अळी म्हणायची?" अळी नव्हे. अळीनं खाल्लेली कड वेडीवाकडी असते. नाण्याच्या कडेसारखा साफ काप म्हणजे मेगाकाईल, पानं कापणारी रानटी मधमाशी. पान ती खात नाही, घराला नेते. चार पानं गेली तर जाऊ द्या.

हिचं पोळं नसतं, राणी नसते. एकटी मादीच सगळा संसार करते. आमच्या मोटारीच्या खोलीच्या कुलपात एकदा किल्लीच शिरेना. तारेनं टोकरलं तर हिरव्या पानाची विडीसारखी सुरळी बाहेर आली. लांबट तुकडे भिंतीला, गोल तुकडे झाकणाला. आत पराग-मधाचा गोळा आणि त्यावर एकच अंडं. अशा खोल्या एकापुढे एक. मादीची अंडी आत, नराची दाराशी, कारण नर आधी बाहेर पडतात. ते कुलूप मी उगीच टोकरलं असं अजून वाटतं.

पराग ती पायांवर नाही, पोटाखालच्या केसांत भरते. फुलावर बसली की वजनानं खालची नावेसारखी पाकळी दबते आणि आतले केसर तिच्या पोटाला घासतात. तूर स्वतःच्या परागावरही धरते, हे खरं. पण हैदराबादच्या इक्रिसॅट या शेती संशोधन संस्थेनं काढलेल्या संकरित तुरीचं बीजोत्पादन अशाच माशांवर चालतं. (घरचं बियाणं धरणाऱ्यांनी मात्र शेजारी दुसरा वाण असेल तर सावध राहावं, भेसळ हीच करते.)

आता कामाचं. शेंगा पोखरणाऱ्या अळीसाठी हेक्टरी 5 कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे) लावा, सुरुवातीला 5 टक्के निंबोळी अर्क फवारा. रासायनिक औषध लागलंच तर ऊन कलल्यावर मारा. तुरीचं फूल उशिरा सकाळी उमलतं आणि भर दुपारी माशा फुलांवर असतात. त्या वेळी पंप सुरू केला तर अळीआधी त्याच मरतात. शेजारी पाहून "त्यांनी मारलं म्हणून आपणही" हे तर नकोच.

या माशीला घर करून द्यायचं तर वेळूचे वीतभर तुकडे घ्या, एका बाजूला पेर बंद, भोक करंगळीएवढं किंवा त्याहून बारीक. पंधरा-वीस एकत्र बांधून पूर्वेकडं तोंड करून वळचणीला आडवे टांगा, मुंग्या चढणार नाहीत असे. तोंड पानानं बुजलेलं दिसलं की त्या नळीला हात लावू नका. बांधावरचं वाळकं खोडही पेटवू नका, काळा भुंगा त्यात राहतो आणि तुरीवर तोही येतो.