दोन रिव्हॉल्व्हर, परवान्यावर जागा एक: निवडताना या चुका टाळा

मामांनी गेल्या वर्षी सत्तरी ओलांडली आणि त्याच आठवड्यात अभिजितला समोर बसवून सांगितलं, "दोन्हींतलं एक तुझ्या नावावर करून घे. दुसऱ्याचं मी बघतो." दोन्ही म्हणजे घरातली दोन रिव्हॉल्व्हर. एक आजोबांनी १९५८ साली मुंबईत घेतलेलं, बर्मिंगहॅमचं वेब्ली मार्क फोर. दुसरं मामांनी स्वतः २००३ मध्ये घेतलेलं, कानपूरच्या आयुध निर्माणीचं. दोन्ही .३२ बोअरची. अभिजितच्या परवान्यावर बारा बोअरची दुनळी आधीपासून आहे, म्हणजे जागा उरली एक.

घरात बंदुकांची आवड मला आहे, म्हणून निवाडा माझ्याकडे आला. त्या दोन महिन्यांत आम्ही काही चुका केल्या, काही करता करता वाचलो.

आधी कायदा, थोडक्यात. एका माणसाकडे तीन बंदुका ही मर्यादा शस्त्र कायद्याच्या १९८३ च्या दुरुस्तीने आली. २०१९ च्या दुरुस्तीने ती दोनवर आणली आणि १४ डिसेंबर २०१९ पासून ती लागू झाली. पहिल्या मसुद्यात तर एकच होती, बरीच ओरड झाल्यावर दोन झाली. तिसरं शस्त्र जमा करायला वर्षभराची मुदत होती, ती कधीच संपली. पण निवडीचा प्रश्न संपलेला नाही, कारण वारसाने येणारं शस्त्रही त्या दोनातच मोजलं जातं. "वडिलोपार्जित आहे हो," या वाक्याला परवाना शाखेत काही किंमत नाही.

आणि वारसा म्हणजे मृत्यूनंतरच, हा एक मोठा गैरसमज. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला, किंवा शस्त्र त्याच्याकडे पंचवीस वर्षं राहिलं, की हयातीतच त्याने नेमलेल्या वारसाच्या नावाने परवान्याचा अर्ज करता येतो. बाकीच्या वारसांची नाहरकत लागते. मामांच्या दोन्ही बहिणी, म्हणजे माझी आई आणि मावशी, सहीला आल्या त्या दिवशी पुरणपोळी झाली. अशी कामं माणसं असतानाच उरकावीत. नंतर त्याच सह्यांसाठी तीन गावं फिरावी लागतात.

कागद शेवटी बघणं

आम्ही केलेली पहिली चूक हीच. दोन आठवडे मूठ कुणाची चांगली, चाप कुणाचा हलका यावर वाद घातला, आणि मग परवाना उघडला. त्यावर वेब्लीच्या नंबरात जिथे ८ होता, तिथे शस्त्रावर मला ३ दिसत होता. मामा म्हणाले, "चाळीस वर्षं नूतनीकरण होतंय, कुणी काही बोललं नाही." कुणी बोललं नाही कारण कुणी पाहिलं नव्हतं. टॉर्च आडवा धरून भिंगातून पाहिलं तेव्हा ३ च निघाला. बाजूला गंजाचा खड्डा पडून तो ८ सारखा दिसत होता. कधीतरी कुणी घाईत वाचलं आणि पुढचे सगळे शिक्के त्या चुकीवरच बसले.

अशी चूक सापडली तर ती स्वतः अर्ज करून, शस्त्र दाखवून दुरुस्त करून घ्या, तीही हस्तांतराच्या अर्जाच्या आधी. उलट क्रमाने गेलात तर तुमच्याकडे असलेलं शस्त्र परवान्यावर नाही आणि परवान्यावरचं शस्त्र अस्तित्वात नाही, असा विचित्र पेच होतो. नंबर, बोअर, बनावट आणि ऑनलाइन नोंदीचा युआयएन (ओळख क्रमांक), या चार गोष्टी पहिल्याच दिवशी ताडून घ्या.

".३२ म्हणजे .३२" असं समजणं

या चुकीने माणूस जखमी होऊ शकतो, म्हणून थोडं थांबून सांगतो. .३२ नावाची काडतुसं अनेक आहेत. स्मिथ अँड वेसनचं आखूड .३२ हे १८७८ चं, लाँग १८९६ चं. जुन्या आखूड चेंबरच्या रिव्हॉल्व्हरमध्ये लाँग पूर्ण बसत नाही, आणि बसवायचा प्रयत्नही करू नये. पिस्तुलाचं .३२, म्हणजे ७.६५ मिलिमीटरचं, ते आणखी वेगळं. ते काही रिव्हॉल्व्हरमध्ये सरकतं, आणि सरकतं म्हणून चालेल असं लोक धरून चालतात. ते चालवू नये.

कोल्ट या दुसऱ्या अमेरिकी कंपनीची तऱ्हा तर मजेशीर आहे. प्रतिस्पर्ध्याचं नाव आपल्या नळीवर नको म्हणून त्यांनी जवळजवळ त्याच लाँग काडतुसाला 'कोल्ट न्यू पोलिस' म्हटलं. म्हणजे नाव वेगळं, माल तोच. पण '.३२ लाँग कोल्ट' हे मात्र खरोखरच वेगळं काडतूस. त्यामुळे नळीवर काय कोरलंय ते अक्षर न् अक्षर वाचा, आणि शंका असेल तर परवानाधारक बंदूकदुरुस्तीवाल्याकडून चेंबर मोजून घ्या.

आमच्या दोन्हींत लाँगच चालतं. मामांच्या डब्यातल्या काडतुसांच्या बुडावर 'के एफ' ही अक्षरं होती. आपल्या पुण्याच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याची.

इंग्लिश रिव्हॉल्व्हर असेल तर आणखी एक गोष्ट बघा: प्रूफचे शिक्के. मुकुटाखाली 'एन पी' म्हणजे नायट्रो प्रूफ, धूररहित दारूच्या दाबाने तपासलेलं. वेब्लीच्या सिलिंडरवर तो स्पष्ट होता. फार जुन्या रिव्हॉल्व्हरवर तो नसतो, कारण ती काळ्या दारूच्या जमान्यातली. तसं असेल तर आताचं काडतूस त्यात घालायचा विषयच सोडा.

घासूनपुसून चकचकीत करणं

अभिजितने वेब्लीला मेटल पॉलिश लावायला घेतलं होतं. मी वेळेवर पोचलो म्हणून बरं. जुन्या शस्त्राची किंमत त्याच्या मूळ निळसर मुलाम्यात आणि धारदार राहिलेल्या अक्षरांत असते. पॉलिशने दोन्ही जातात. निकेलचा मुलामा असेल तर अमोनिया असलेलं काहीही लावू नका. निकेलखाली बहुधा तांब्याचा थर असतो, अमोनिया तो खातो आणि वरचं निकेल पापुद्रे होऊन सुटतं. हलकं तेल, मऊ सुती फडकं, एवढं पुरे.

आणि चामड्याच्या पाकिटात शस्त्र ठेवू नका. सगळ्या घरांत ठेवतात, आमच्याकडेही तेच होतं. कमावलेल्या चामड्यातले क्षार आणि पावसाळ्यातली ओल मिळून पोलाद खातात. वेब्लीच्या उजव्या अंगावर जिथे पाकिटाची शिवण टेकायची, बरोबर त्या रेषेत गंजाचे ठिपके होते. तो नंबरातला खड्डाही त्याच रेषेवर.

हातात धरून "छान आहे" म्हणणं

रिकामं आहे ना? उघडून, सहाही घरं डोळ्यांनी पाहून, मगच पुढचं.

घोडा अंगठ्याने अगदी हळू मागे ओढा. घोडा अडकेपर्यंत सिलिंडर फिरून खटकन जागेवर बसायला हवं. सहाही घरांना हे करून बघा. वेब्लीच्या चार घरांना बसत होतं, दोन घरांना केसभर आधीच थांबत होतं. अशाने गोळी नळीत सरळ शिरत नाही आणि शिसं खरवडून बाजूने उडतं. सिलिंडर पुढेमागे किती हलतं आणि वरची कडी मिटल्यावर बिजागरीत खुळखुळ आहे का, तेही बघा. मधोमध मोडणाऱ्या रिव्हॉल्व्हरचं दुखणं बहुतेक तिथेच असतं.

कानपूरचं मात्र फुकट बदनाम झालं. रायफल क्लबच्या रेंजवर मामांनी सहा फेऱ्या झाडल्या, उघडलं, आणि परत मिटेचना. "बघ, आजोबांचं असं कधी झालं नाही." झालं होतं एवढंच की, एक रिकामं टरफल काडतुसं उचलणाऱ्या चांदणीखाली सरकलं होतं. वेब्लीतही हेच होऊ शकतं, कारण कानपूरचं .३२ वेब्लीच्या मार्क फोरच्याच धाटणीवर बेतलंय. टरफल काढलं, मिटलं. टरफलं पडताना ती चांदणीखाली जाणार नाहीत अशा बेताने शस्त्र कलतं धरलं की झालं. एवढ्यावरून शस्त्र बाद करू नये.

दुरुस्तीला नेताना दुसऱ्याच्या हाती तोंडी निरोप देऊन पाठवू नका. परवानाधारक सोबत असला, किंवा त्याचं लेखी अधिकारपत्र असलं, तरच दुसऱ्याला शस्त्र दुरुस्तीला नेता येतं. मामांनी ड्रायव्हरला पिशवी दिलीच होती. मामींनी अडवलं.

चालू स्थितीतलं ठेवायचं, हा नियम

ऐकायला शहाणपणाचा वाटतो. त्या हिशेबाने कानपूरचं जिंकायला हवं होतं: सहाही घरं नीट, गंज नाही, कागद स्वच्छ. मीही आधी तेच म्हणालो. मग मामांनी एकच विचारलं, "हे विकलं तर परत मिळेल का?" कानपूरचं मिळेल. त्याच जातीचं नवंही मिळेल. २०१४ मध्ये अर्ध्या किलोचं 'निर्भीक' आलं, २०२३ मध्ये बाजूला उघडणारं 'प्रबल' आलं. वेब्ली नावाचं .३२ उत्तर प्रदेशात संडीला इथे बनवण्यासाठीही करार झाला आहे, फक्त त्याला आजोबांचं वेब्ली समजू नका. सामान्य परवानाधारकाला परदेशी शस्त्र मागवणं ऐंशीच्या दशकातच बंद झालं, त्यामुळे १९५८ चं गेलं की गेलं. आणि त्याचा दोष दुरुस्त होण्याजोगा होता. कारागिराने सिलिंडर फिरवणारा जुना झिजलेला हात काढून नवा घडवला, तीन आठवडे लावले, आणि सहाही घरं जागेवर आली.

"जुनं आहे, क्युरिओ म्हणून तसंच ठेवू" असा सल्लाही आला. क्युरिओ म्हणजे संग्रहात ठेवायची जुनी वस्तू. २०२० च्या नियमबदलाने क्युरिओ गटातलं छोटं शस्त्र जवळ ठेवायला भारतीय नागरिकाला परवाना लागत नाही. पण वापरायला आणि बरोबर न्यायला लागतो, आणि परवान्यावर नोंद नसेल तर काडतूस मिळत नाही. आपलं शस्त्र त्या गटात बसतं का हे लेखी विचारल्याशिवाय या वाटेने जाऊ नका. अभिजितला ते रेंजवर न्यायचं होतं, म्हणून आम्ही ती वाट सोडली.

दुसरं "नंतर बघू" म्हणून ठेवणं

निवड झाली की लोक सुटकेचा श्वास सोडतात आणि दुसरं कपाटात राहतं. विकायचं असेल तर कुणाला विकतोय त्याच्या नावपत्त्यासह जिल्हादंडाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं आणि त्यानंतर किमान पंचेचाळीस दिवस थांबावं लागतं. घेणाऱ्याच्या परवान्यावर जागा आहे ना, हे तुम्हीच बघा. गिऱ्हाईक मिळेपर्यंत जमा करायचं तर पोलीस ठाणं किंवा परवानाधारक दुकान. दुकानात भाडं पडतं, पण तेलाचा हात तरी फिरतो. कुठेही द्या, पावतीवर नंबर आणि स्थिती दोन्ही लिहून घ्या, आणि देण्याआधी फोटो काढा. निवडणुकीत जमा केलेलं शस्त्र परत घेताना ज्यांनी गंजाचे डाग मोजलेत त्यांना हे सांगायला नको.

कानपूरचं पंचेचाळीस दिवसांनी फलटणकडच्या एका द्राक्षबागायतदाराकडे गेलं. वेब्ली अभिजितच्या तिजोरीत आहे, तेल लावलेल्या सुती कापडात. चामड्याचं पाकीट तेवढं मामांनी दिलं नाही. ते अजून त्यांच्या खोलीत खुंटीला आहे, रिकामं. "याला परवाना लागत नाही ना?" एवढं मात्र त्यांनी मला विचारून घेतलं.