छोटा ट्रॅक्टर घ्यायचाय? मग छाटणीआधी टेप घेऊन बागेत जा

परतीचा पाऊस अजून पुरता गेलेला नाही, ओळींत गवत गुडघ्याला लागलंय आणि द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी तोंडावर आलीय. बागलाणातल्या अर्ली छाटण्या तर उरकल्याही. निफाड, दिंडोरी, चांदवडकडे याच दिवसांत घरोघरी एक विषय निघतो: दसऱ्याला मिनी ट्रॅक्टर घ्यायचा का? गवत मारायला, फवारणीचा ब्लोअर ओढायला, शेणखत आत न्यायला, मालाचे क्रेट बाहेर काढायला.

शोरूममध्ये पहिला प्रश्न येतो, "किती एचपीचा बघायचाय?" हा प्रश्न पहिला नव्हे. आधी स्वतःच्या बागेतली सगळ्यात अरुंद जागा किती, हे माहीत हवं. आणि ती मोजायची वेळ आत्ताच आहे, छाटणीच्या आधी. छाटणी झाली की बाग मोकळी दिसते, काड्यांशिवाय काही राहत नाही, आणि कुठलाही ट्रॅक्टर आरामात जाईल असं वाटतं. मग डिसेंबर-जानेवारीत घड लोंबायला लागतात आणि तोच ट्रॅक्टर मणी घासत पुढे जातो. मी स्वतः हे मार्गशीर्षात शिकलो. ट्रॅक्टर छाटणीनंतरच्या आठवड्यात घेतला होता.

मोजायचं ते असं. ओळ ९ फुटांची असली तरी ९ फूट मिळत नाहीत. मधे बोद, म्हणजे वेलींच्या बुडाशी घातलेला मातीचा वरंबा आहे, तो ३ फुटांचा धरला तर जमिनीवर ६ फूट उरले. वर वेलींना आधार देणाऱ्या वाय आकाराच्या सांगाड्याच्या आडव्या पट्ट्या आणि त्यावरून खाली आलेल्या काड्या. म्हणून दोन ठिकाणी टेप लावा: एक चाकाच्या उंचीला, दुसरी चालकाच्या खांद्याच्या उंचीला. जो आकडा लहान, तो खरा. त्यातून दोन्ही बाजूंना निदान अर्धा-अर्धा फूट सोडा. मांडव असेल तर तिसरं मापही घ्या, तारेपासून जमिनीपर्यंतचं, आणि तेही जिथे तार सर्वांत खाली झोल खाल्लीय तिथलं. ट्रॅक्टरचं स्टिअरिंग, उभा सायलेन्सर आणि सीटवर बसलेल्या माणसाचं डोकं, तिघांनाही त्याखालून जायचंय.

सायलेन्सर उभा असेल तर धुराची गरम हवा थेट पानांवर जाते. काही बागायती मॉडेलना तो खाली किंवा बाजूला वळवलेला असतो. बारीक बाब वाटते, पण बघून घ्या. ट्रॅक्टर उलटला तर चालकाला वाचवणारी मागची सुरक्षा कमान दुमडणारी आहे का, तेही बघा. बागेत दुमडली तर बाहेर बांधावर चढताना पुन्हा उभी करायची, नाहीतर तिचा उपयोग शून्य.

आता ओळीच्या टोकाला या. ताणाच्या तारा आणि बांध यांच्यात किती जागा आहे? ट्रॅक्टर एकटा वळतो, मागे ब्लोअर जोडला की वळण मोठं होतं. फोर व्हील ड्राइव्हमध्ये पुढची चाकंही ओढतात, त्यामुळे ते वळायला थोडं जड जातं. तरी काळ्या जमिनीत, पावसाच्या तोंडावर, मी फोर व्हीलच घ्या म्हणेन. डाऊनी रोगाची फवारणी वाफसा यायची वाट बघत नाही, चिखलात जावंच लागतं. डांबरी रस्त्यावर मात्र लिव्हरने फोर व्हील बंद करायचा, नाहीतर पुढचे टायर लवकर झिजतात.

एवढं झाल्यावर एचपीकडे वळा. जाहिरातीतला आकडा इंजिनचा असतो. अवजाराला मिळते ती पीटीओची, म्हणजे अवजार फिरवणाऱ्या मागच्या शाफ्टची ताकद, ती साधारण ८० ते ९० टक्के. म्हणजे २४ एचपीचा ट्रॅक्टर घेतला तर पीटीओवर २० ते २२ धरा. ओल्या, दाट गवताला स्लॅशरच्या (गवत कापायच्या अवजाराच्या) रुंदीच्या दर फुटामागे ४ ते ५ एचपी लागते. ४ फुटांचा स्लॅशर असेल तर हा हिशोब जेमतेम बसतो. एप्रिल छाटणीच्या जाड काड्या मल्चरने बारीक करायच्या असतील तर यापेक्षा जास्त लागेल, किंवा मल्चर लहान घ्यावा लागेल. २०२१ मध्ये स्वराजने आणलेला 'कोड' हा छोटा ट्रॅक्टर फक्त ८९० मिलिमीटर रुंद आहे, तीन फुटांच्याही आत. भाजीपाल्यात, डवरणीला तो बरा. पण त्याच्या साधारण ११ एचपीवर मोठा ब्लोअर फिरवायची अपेक्षा ठेवू नका. ब्लोअर चालवायचा असेल तर महिंद्राचा जिवो २४५ किंवा कुबोटाचा बी २४४१ अशा २४ एचपीच्या आसपासच्या, नाहीतर जॉन डिअर ३०२८ ईएनसारख्या २८ एचपीच्या गटात बघावं लागतं. यातला कुठला चांगला, ते तुमची टेप आणि तुमच्या तालुक्यातला मेकॅनिक सांगेल. छाटणीच्या हंगामात ज्याचा मेकॅनिक फोन केल्यावर दुपारपर्यंत बांधावर येतो, तो ट्रॅक्टर चांगला.

स्लॅशरची रुंदी चाकांच्या बाहेरच्या मापापेक्षा थोडी जास्तच हवी. कमी असली तर चाकाखाली आडवं झालेलं गवत तसंच राहतं आणि चार दिवसांनी उभं होतं.

गवत मारायचंच कशाला, रोटर (रोटाव्हेटर) फिरवला की झालं, असं म्हणणारे आहेत. दर पावसानंतर रोटर फिरवला तर वरच्या थरातली पांढरी मुळी तुटते, खाली कडक थर धरतो आणि पुढच्या पावसात ओळीचा राडा होतो. कापलेल्या गवताच्या मुळ्या जमीन धरून ठेवतात, ट्रॅक्टर वर चालतो, आत रुतत नाही. माझा कौल कापण्याला. फक्त ठिबकच्या नळ्या तारेला उचलून बांधलेल्या हव्यात. जमिनीवर सुटलेली एक लॅटरल स्लॅशरमध्ये गेली की अर्धी ओळ गुंडाळून येते.

पीटीओबद्दल आणखी एक गोष्ट, विकणारा सहसा सांगत नाही अशी. साध्या सिंगल क्लचच्या ट्रॅक्टरमध्ये क्लच दाबला की चाकाबरोबर पीटीओही सुटतो. ओळीच्या टोकाला वळताना फवारा बंद पडतो, आणि त्याहून वाईट म्हणजे फिरतं जड पातं आपल्या जोरावर ट्रॅक्टरला पुढे ढकलतं. क्लच दाबलाय, तरी गाडी थांबत नाही! समोर लोखंडी अँगल असेल तर काय होतं ते सांगायला नको. म्हणून ड्युअल क्लच किंवा स्वतंत्र पीटीओ असलेलं मॉडेल घ्या. ते परवडत नसेल तर निदान शाफ्टला एकाच दिशेने फिरणारी कपलिंग बसवून घ्या.

गवत मारताना इंजिनचा वेग कमी करू नका. पीटीओ ५४० फेऱ्यांवर असला पाहिजे, तरच पात्याचं टोक गवत कापतं. कमी वेगात ते नुसतं ओरबाडतं. सावकाश जायचं असेल तर खालचा गिअर घ्या. ९ फुटी ओळींच्या एका एकरात ओळींची लांबी जवळपास दीड किलोमीटर भरते. ताशी ३ किलोमीटरने एक फेरी अर्ध्या तासाची, वळणं धरून पाऊण तास. दोन फेऱ्या लागत असतील तर दुप्पट. यावरून तुमचं डिझेल आणि दिवस मोजा.

आणि रेडिएटरची जाळी. सप्टेंबर-ऑक्टोबरात गवताला बी धरलेलं असतं, ते उडून जाळीवर गालिच्यासारखं बसतं. छोटं इंजिन पाहता पाहता तापतं. सीटखाली एक ब्रश ठेवा आणि दर तासाला, इंजिन बंद करून, जाळी झाडा.

५४० फेऱ्या मिनिटाला म्हणजे सेकंदाला ९. लुगड्याचा पदर, उपरणं, मफलर शाफ्टला लागला तर हात मागे घ्यायलाही वेळ मिळत नाही. शाफ्टवरचं प्लॅस्टिकचं कव्हर "आवाज करतं" म्हणून काढून टाकणारे मी पाहिलेत. नवीन घेताना ते आहे का बघा, जुनं घेतलं तर आधी ते बसवा. द्राक्षबागेत बांधणीच्या तारेचे तुकडे गवतात पडलेले असतात, स्लॅशर ते गोळीसारखे फेकतो. ओळीत मजूर असताना गवत मारायचं नाही.

पैशाचं थोडक्यात. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, शेती अवजारांवरचाही. बिलावर तोच दर लागलाय का, बघून सही करा. राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवरून अनुदान घ्यायचं असेल तर पूर्वसंमती हातात आल्याशिवाय खरेदी करू नका. आधी घेतलेल्या ट्रॅक्टरला अनुदान मिळत नाही, मुहूर्त कितीही चांगला असो. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध बचत गटांसाठी समाजकल्याणची वेगळी योजना आहे. त्यात ९ ते १८ एचपीच्या मिनी ट्रॅक्टरला उपसाधनांसह ९० टक्के अनुदान मिळतं, पण त्या एचपीत ब्लोअरचा हिशोब वर सांगितल्याप्रमाणे तपासा. बाग दोन-अडीच एकरांच्या आत असेल तर मी ट्रॅक्टर घ्याच असं म्हणणार नाही. गवताला ब्रश कटर, फवारणीला भाड्याचा ब्लोअर. अडचण एकच, पाऊस उघडला की भाड्याचा ब्लोअर गावात सगळ्यांनाच एका दिवशी हवा असतो.

घेण्याआधी डेमो मागा, पण शोरूमच्या मैदानात नको. तुमच्याच बागेत, तुमच्याच सर्वांत अरुंद ओळीत. ६०० लिटरची टाकी जोडायची असेल तर ती भरून जोडा. नुसतं पाणीच ६०० किलो झालं, आणि बरेचसे मिनी ट्रॅक्टर स्वतः ६०० ते १००० किलोंचे असतात. चढावर पुढची चाकं हलकी होतात का, उतारावर ब्रेक धरतो का, टोकाला एका दमात वळतो की मागे-पुढे करावं लागतं, हे अर्ध्या तासात कळतं. आणि चालवायला विक्रेत्याचा माणूस बसवू नका. रोज जो चालवणार आहे, त्यालाच बसवा.