अपार्टमेंटमध्ये इलेक्ट्रिक वाहनांसाठी चार्जर कसा निवडावा : खान्देशातील इमारतींचा विचार

जळगाव, भुसावळ, धुळे किंवा नंदुरबारच्या एखाद्या अपार्टमेंटमध्ये पहिली इलेक्ट्रिक कार आली की लवकरच सोसायटीच्या बैठकीत चार्जरचा विषय निघतो आणि चर्चा बहुधा ‘किती किलोवॅटचा घ्यायचा’ इथूनच सुरू होते. वास्तविक हा शेवटचा प्रश्न आहे. गाडी रोज किती धावते, इमारतीचा मंजूर भार किती आहे, मीटरपासून पार्किंगपर्यंतची केबल व अर्थिंग कसे आहे आणि आपल्याकडचा मे महिना ते उपकरण सोसेल का, या चार गोष्टींची उत्तरे आधी मिळवली तर चार्जरची निवड जवळपास आपोआप होते. उलट क्रमाने गेल्यास महागडे यंत्र भिंतीवर लागते आणि रोज रात्री एमसीबी (जादा भार आला की वीज तोडणारा स्विच) पडत राहतो.

प्रथम गरज मोजू. जळगावहून भुसावळला नोकरीसाठी जाऊन परत येणाऱ्या माणसाचे अंतर दिवसाला साधारण ५० किलोमीटर होते. मध्यम आकाराची इलेक्ट्रिक कार एका युनिटमध्ये सुमारे सात किलोमीटर जाते असे धरले आणि चार्जिंगमधील गळती मिळवली, तर रोजची गरज आठ युनिटांच्या आसपास येते. ३.३ किलोवॅटचा साधा एसी (म्हणजे घरात येते तशीच प्रत्यावर्ती वीज देणारा) चार्जर एवढी वीज अडीच ते तीन तासांत भरतो, आणि गाडी तर रात्री नऊपासून सकाळी सातपर्यंत पार्किंगमध्ये उभीच असते. शहरातल्या शहरात फिरणाऱ्या कुटुंबाची गरज याहूनही कमी असते. म्हणून बहुतेक घरांसाठी ३.३ किलोवॅट पुरेसे आहे, हे मी ठामपणे सांगतो. ज्यांचे रोजचे जाणे-येणे शंभर किलोमीटरच्या पुढे आहे, किंवा ज्यांच्या घरी एकाच जागेवर दोन गाड्या आळीपाळीने लागतात, त्यांनीच ७.४ किलोवॅटचा विचार करावा.

येथे एक गोष्ट विक्रेते सहसा सांगत नाहीत. एसी चार्जर गाडीला फक्त वीज पोहोचवतो. तिचे बॅटरीला लागणाऱ्या डीसीत (एकदिश विजेत) रूपांतर करणारा खरा चार्जर गाडीच्या आत असतो आणि वेग त्याच्या क्षमतेने ठरतो. गाडीतील चार्जर ३.३ किलोवॅटचा असेल तर भिंतीवर २२ किलोवॅटचे उपकरण लावूनही ती ३.३ नेच भरेल. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या बहुतेक इलेक्ट्रिक कार एसीवर साधारण ७.२ किंवा ७.४ किलोवॅटपर्यंतच वीज घेतात, त्यामुळे खरेदीपूर्वी गाडीच्या पुस्तिकेत हा आकडा पाहून घ्यावा. मोठ्या क्षमतेच्या डीसी चार्जरचे स्थान महामार्गावर आहे. सुरत–नागपूर आणि मुंबई–आग्रा हे दोन्ही महामार्ग धुळ्याला भेटतात. तिथे थांबलेल्या प्रवाशाला अर्ध्या तासात वीज हवी असते, अपार्टमेंटमध्ये झोपलेल्या माणसाला नव्हे.

आता मीटरकडे वळू, कारण खरा निर्णय तिथेच होतो. आपल्याकडच्या जुन्या दोन-बीएचके सदनिकांचा मंजूर भार अनेकदा एक-दोन किलोवॅटच असतो. वीज बिलावर ‘मंजूर भार’ या रकान्यात तो छापलेला असतो. घरगुती सिंगल फेज जोडणीची मर्यादा ४० अँपिअरच्या आसपास असते. ७.४ किलोवॅटचा चार्जर एकटाच ३२ अँपिअर घेतो, म्हणजे कूलर, फ्रिज, गिझर किंवा एसी यांच्यासाठी जेमतेम आठ अँपिअर उरतात आणि थ्री फेज जोडणी घेण्यावाचून इलाज राहत नाही. ३.३ किलोवॅटचा चार्जर मात्र भारवाढीचा अर्ज करून सिंगल फेजमध्येच बसवता येतो. भारवाढ न करता चार्जर जोडणे कोणीही सुचवले तरी मान्य करू नये, कारण त्या बेहिशेबी भाराचा ताण इमारतीच्या मुख्य केबलवर आणि गल्लीच्या रोहित्रावर पडतो आणि त्याची झळ सर्व शेजाऱ्यांना बसते.

वीज कोणत्या मीटरवरून घ्यावी, याचे तीन पर्याय आहेत. पहिला पर्याय स्वतःच्या सदनिकेच्या मीटरचा. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार घरच्या चालू जोडणीवर स्वतःची गाडी चार्ज करण्यास मुभा आहे. यात हिशेबाची कटकट नाही, परंतु महिन्याला सुमारे दोनशे युनिट वाढल्याने बिल वरच्या टप्प्यात जाते, ते आधी मांडून पाहावे. दुसरा पर्याय स्वतंत्र इलेक्ट्रिक वाहन जोडणीचा. फेब्रुवारी २०२४ मध्ये वीज ग्राहक हक्क नियमांत झालेल्या दुरुस्तीने अशी जोडणी मागण्याची सोय केली आहे. तिचा दर घरगुती टप्प्यांप्रमाणे वाढत नाही, मात्र स्थिर आकार वेगळा लागतो. तिसरा पर्याय सोसायटीच्या सामाईक मीटरचा, ज्यावर लिफ्ट आणि बोअरचा पंप चालतो. भांडणे याच पर्यायात होतात. ज्यांच्याकडे गाडीच नाही अशा ज्येष्ठ रहिवाशांनी “भाऊ, आम्ही कशाचे पैसे द्यायचे?” असे विचारले, तर तो प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर प्रत्येक चार्जिंग पॉइंटला उपमीटर लावूनच देता येते. अंदाजाने ठरावीक मासिक रक्कम घेण्याची पद्धत सोयीची वाटते, पण ती टिकत नाही.

पाच-सहा गाड्या होणार हे दिसत असेल तर भारवाटपाची सोय असलेले चार्जर घ्यावेत. सहा चार्जर प्रत्येकी ३.३ किलोवॅटचे धरले तर एकत्र भार जवळजवळ २० किलोवॅट होतो. भारवाटपाची यंत्रणा उपलब्ध वीज गाड्यांमध्ये वाटून देते, त्यामुळे निम्म्या मंजूर भारातही सकाळपर्यंत सगळ्यांचे काम भागते. अशा सामाईक चार्जरने ओसीपीपी ही खुली प्रणाली वापरलेली असावी, म्हणजे पुढे सेवा देणारी कंपनी बदलली किंवा बंद पडली तरी यंत्रे भंगारात जात नाहीत. कनेक्टर टाइप-२ चा आणि उपकरण आयएस १७०१७ या भारतीय मानकानुसार असल्याची खात्री कागदावर करून घ्यावी.

खान्देशातील उन्हाळ्याबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. जळगाव-भुसावळचा पारा मे महिन्यात ४५ अंशांपर्यंत चढतो आणि पत्र्याच्या शेडखालील किंवा पश्चिमेच्या भिंतीवरील लोखंडी पेटीत त्याहूनही अधिक तापमान असते. घरगुती एमसीबी ३० अंश तापमान गृहीत धरून जुळवलेला असतो. पेटीत ५० अंश असतील तर तो आपल्या अंकित क्षमतेच्या आतच पडू लागतो. मग वायरमन त्याच्या जागी मोठा एमसीबी बसवून देतो, वायर मात्र जुनीच राहते, आणि आगीला निमंत्रण मिळते ते इथेच. म्हणून ठेकेदाराला एमसीबी आणि केबल या दोहोंची गणना ५० अंश धरून करण्यास सांगावे. १६ अँपिअरच्या चार्जरला किमान ४ चौरस मिलिमीटरची, तर ३२ अँपिअरच्या चार्जरला किमान ६ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल असावी आणि अंतर मोठे असल्यास ३२ अँपिअरसाठी १० चौरस मिलिमीटरची घ्यावी. चार्जरच्या माहितीपत्रकात ‘कार्यकारी तापमान’ असा रकाना असतो. तिथे ४० किंवा ४५ अंशांची मर्यादा लिहिली असेल तर ते उपकरण आपल्या भागासाठी नाही, ५० ते ५५ अंशांपर्यंत चालणारेच घ्यावे. धूळ आणि वळवाचा पाऊस यांसाठी उघड्या जागेत आयपी ६५ आणि स्टिल्ट पार्किंगमध्ये आयपी ५४ हे संरक्षण पुरते.

उन्हाळ्यात रात्री आठ ते अकरा या वेळात घरोघरी कूलर आणि एसी चालू असतात, व्होल्टेज खाली येते आणि चार्जर मध्येच बंद पडतो. त्यावर साधा उपाय म्हणजे गाडीतील किंवा चार्जरमधील वेळ रात्री बारानंतरची लावून ठेवणे.

साध्या १६ अँपिअरच्या घरगुती सॉकेटवर कार कायमची लावणे टाळावे. असे सॉकेट इस्त्री किंवा गिझरच्या तासाभराच्या वापरासाठी ठीक असते. सलग सहा-आठ तास पूर्ण भार सोसण्यासाठी ते केलेले नसते. काही महिन्यांनी त्याच्या छिद्रांभोवतीचे पांढरे प्लास्टिक पिवळट, मग तपकिरी होऊ लागते, पिन काढताना बोटांना चटका बसतो आणि जळक्या बेकेलाइटचा वास येतो. यांतले एकही लक्षण दिसले तर त्याच दिवशी वापर थांबवावा. दुचाकींचा भार याच्या तुलनेत फार कमी असल्याने त्यांना चांगल्या प्रतीचे सॉकेट चालते, परंतु बाल्कनीतून खाली सोडलेली एक्सटेन्शन वायर मात्र कोणत्याही वाहनाला नको.

अर्थिंगच्या बाबतीत तडजोड करू नये. आपल्याकडची जमीन उन्हाळ्यात कोरडी ठणठणीत होते आणि जुन्या खड्ड्यातील अर्थिंग निकामी ठरते, त्यामुळे चार्जरसाठी वेगळे अर्थिंग घेऊन त्याची मोजणी पावसाळ्यात नव्हे तर एप्रिल-मेमध्ये करून घ्यावी. प्रत्येक पॉइंटला ३० मिलिअँपिअरची स्वतंत्र आरसीसीबी (वीजगळती होताच प्रवाह तोडणारा स्विच) हवी. काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्यावे आणि त्याचा चाचणी अहवाल सेक्रेटरींच्या फाइलमध्ये ठेवावा. चार्जरची जागा जिन्याखाली, मीटर खोलीला लागून किंवा गॅस सिलिंडरजवळ नसावी.

मंजुरीची पद्धत इमारतीच्या नोंदणीवर अवलंबून आहे. ती सहकारी संस्था अधिनियम १९६० खाली नोंदलेली आहे की अपार्टमेंट मालकी अधिनियम १९७० खाली, हे पाहून त्यानुसार सभेत ठराव करावा. ठरावात जागा, खर्च कोणाचा, देखभाल कोणाची आणि सदनिका विकल्यास चार्जरचे काय होणार, हे स्पष्ट लिहावे. कोटेशन तपासताना एक बारकावा पाहावा: चार्जरवरील जीएसटी ऑगस्ट २०१९ पासून ५ टक्के आहे, त्यामुळे उपकरणाची किंमत आणि वायरिंगचे काम वेगवेगळ्या ओळींत मागावे.

गच्ची मोकळी असेल तर सौर पॅनेलचा विचार याच सभेत करावा, कारण ऊन ही आपल्याकडची हक्काची पुंजी आहे. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत गृहनिर्माण संस्थांना सामाईक वापरासाठी, ज्यात वाहन चार्जिंगही येते, प्रति किलोवॅट १८,००० रुपये अनुदानाची तरतूद आहे.

चार्जर बसल्यानंतर पहिल्या आठवड्यात पूर्ण भारावर तासभर चार्जिंग झाले की वीज बंद करून केबलचे टोक, एमसीबी आणि पेटीचे दार हाताने तपासावे. कोमट लागले तर चालेल, हात ठेववत नसेल तर ठेकेदाराला परत बोलावून जोड घट्ट करून घ्यावेत. आरसीसीबीचे चाचणी बटण महिन्यातून एकदा दाबण्याचे काम एका ठरावीक व्यक्तीकडे सोपवावे आणि तारखेची नोंद पेटीच्या दारालाच चिकटवलेल्या कागदावर करावी.