नव्या गावात गोडधोड: बेळगावच्या स्वयंपाकघरात या चुका टाळा

पुण्यात नाहीतर ठाण्यात हमखास जमणारा रव्याचा लाडू बेळगावात आल्यावर पहिल्याच सणाला का फसतो? हात तोच, वाटी तीच, वहीतली कृतीही तीच. पण दूध बदललं, रवा बदलला, पाणी बदललं, हवा बदलली, इतकंच काय, गावाची उंचीसुद्धा बदलली. बदलीमुळे, लग्नामुळे किंवा शिक्षणासाठी टिळकवाडी, अनगोळ, शहापूर, वडगाव अशा भागांत नवं बिऱ्हाड थाटणारे कितीतरी जण दोन-तीनदा फसलं की 'आपला हातच बिघडला' असं धरून चालतात आणि घरी गोड करणं सोडून देतात. मला त्याचं मनापासून वाईट वाटतं. हात बिघडलेला नसतो, अंदाज नव्या गावाशी जुळवून घ्यायचा असतो. म्हणून इथे नेमकं कुठे चुकतं आणि चुकलंच तर काय करायचं, ते लिहिते आहे.

पहिल्याच आठवड्यात कुंद्याचा घाट

बेळगावात आलो म्हणजे कुंदा, म्हणजे दूध आटवून केलेलं इथलं दाणेदार गोड, करून बघायचाच, हा उत्साह अगदी रास्त आहे. पण सामानाची खोकी अजून उघडलेली नाहीत, गॅसचं कनेक्शन यायचंय, हाताशी एक पातळ कढई आणि इंडक्शनची शेगडी, अशा वेळी दूध आटवायला घेऊ नका. इंडक्शनवर पातळ भांड्याचा तळ मधोमध गोल आकारात तापतो, दूध तिथेच धरतं आणि करपट वास सगळ्या कुंद्यात उतरतो. तो वास वेलदोड्याने जात नाही. जाड बुडाची कढई आणि उलथनं मिळेपर्यंत लाडू, शिरा, खीर करा. कुंदा कुठे पळून जात नाही.

कुंद्यात सगळ्यात जास्त फसवतं ते दूध. पिशवीचा रंग बघून दूध उचलू नका, प्रत्येक डेअरीचे रंग वेगळे असतात. पिशवीवरचे आकडे वाचा. टोन्ड दुधात ३ टक्के स्निग्धांश आणि ८.५ टक्के इतर घनपदार्थ असतात, फुल क्रीममध्ये ६ आणि ९ टक्के. म्हणजे एक लिटर फुल क्रीम आटवलं की सुमारे १५० ग्रॅम ऐवज हाती येतो आणि टोन्ड दुधाचा जेमतेम ११५ ग्रॅम. टोन्ड दुधाचा कुंदा कमी होतो, कोरडा होतो आणि त्याला तूप सुटत नाही, ते यामुळेच. जवळपास म्हशीचा रतीब मिळत असेल तर त्याच्यासारखं दुसरं काही नाही.

दुसरी चूक दह्याची. दूध उकळायला लागलं की लगेच दही घालतात. मग पनीरसारखे मोठे, चिवट गोळे होतात आणि पाणी वेगळं होतं. आधी दूध निम्मं आटू द्या. मग लिटरमागे दोन मोठे चमचे दही, तेही ताजं, आंबट नको. आता जो दाणा पडतो तो बारीक आणि मऊ असतो. आधीच गोळे झाले असतील तर दूध टाकून देऊ नका. गोळे उलथन्याने मोडत राहा आणि सगळं पाणी आटू द्या. कुंद्याचा पोत येणार नाही, पण कलाकंदाच्या जवळ जाणारं काहीतरी नक्की हाती लागेल.

तिसरी चूक साखरेची. सगळी साखर दुधात घातली की रंग फिका राहतो, मग तो आणायला आच वाढवतात आणि तळ करपतो. लिटरभर दुधाला शंभर-सव्वाशे ग्रॅम साखर धरली तर त्यातली निम्मी वेगळ्या छोट्या कढईत कोरडीच वितळवून तांबूस करा आणि जपून, थोडी थोडी आटीव दुधात घाला. घालताना जोरात फसफसतं, हात लांब ठेवा. साखरेचे काचेसारखे खडे होतील. इथे बरेच जण घाबरून गॅस बंद करतात. बंद करू नका, मंद आचेवर ते खडे आपोआप विरघळतात. साखर मात्र तांबूसच हवी. काळपट होऊन धूर आला की ती कडू झाली, ती टाकून द्या, दुधात घालू नका.

आणि शेवटची चूक म्हणजे कढईतच कुंदा पूर्ण कोरडा होण्याची वाट बघणं. शहापुरातल्या आमच्या शेजारच्या मावशी एकच सांगतात, "कडंला तूप सुटलं की उतरव, पुढचं थंड होताना होतंय." कढईत थोडा ओलसर दिसणारा कुंदा गार झाल्यावर बरोबर बसतो. कोरडा झालाच असेल तर दोन-तीन चमचे गरम दूध घालून झाकण ठेवा, मंद आचेवर एक वाफ काढा आणि मग तो दोन दिवसांत संपवा.

दूध आटवायला वेळ नसेल तर खवा आणा, पण सांगून आणा. घट्ट गुळगुळीत पिंडी खवा पेढ्या-बर्फीला, मऊ ओलसर धाप खवा गुलाबजामला आणि दाणेदार खवा कलाकंदाला चांगला. नुसता 'पाव किलो खवा द्या' म्हटलं तर दुकानदार जो आहे तो देतो, आणि मग पिंडी खव्याचे गुलाबजाम आत दडस राहतात. खवा सकाळी घ्या, हातावर चिमूटभर चोळून वास घ्या. आंबूस वाटला तर नको म्हणा. आणलेल्या दिवशीच परता.

कुठलाही रवा उचलणं

कर्नाटकातल्या किराणा दुकानात रव्याची मांडणी वेगळी असते. चिरोटी रवा अगदी बारीक. बन्सी रवा जाड, पिवळसर. आणि इडली रवा तर गव्हाचा नसतोच, तो तांदळाचा! पांढराशुभ्र दिसतो म्हणून लाडवांना नेला तर कितीही भाजा, तो फुलत नाही, पाक पीत नाही आणि दाताखाली कचकचत राहतो. असा रवा घरी आला असेल तर लाडवांवर आणखी तूप खर्च करू नका. त्याची दूध-साखर घालून खीर करा, छान होते.

रव्याच्या लाडवांना चिरोटी रवा उत्तम, पण तो जाड रव्यापेक्षा खूप लवकर रंग धरतो. जुन्या सवयीने मध्यम आचेवर भाजलात तर खालचा भाजेल आणि वरचा कच्चा राहील. आच मंद ठेवा, हात थांबवू नका. बारीक रवा पाकही पटकन ओढून घेतो, त्यामुळे पाक तयार होईपर्यंत रवा भाजून बाजूला तयार हवा. शिऱ्याला बन्सी रवा घेतला तर पाणी थोडं जास्त लागतं.

पुरणपोळीच्या कणकेतही इकडे अनेक घरांत चिरोटी रवा घालतात. तो भिजायला वेळ घेतो. अर्ध्या तासात पोळी लाटायला गेलात तर ती फाटणारच. दोन तास तेलाखाली मुरू द्या.

उंचीचा हिशेब न करता पाक करणं

ही चूक सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे. दर ३०० मीटरला पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण एका अंशाने उतरतो, म्हणजे इथे पाणी साडेसत्त्याण्णव अंशांच्या आसपासच उकळतं. मुंबईहून किंवा कोकणातून येणारे जे थर्मामीटर लावून पाक करतात, त्यांनी कृतीतल्या तापमानातून अडीच अंश वजा करायला हवेत. नाहीतर आकडा गाठेपर्यंत पाक पुढे गेलेला असतो आणि लाडू दगडासारखे होतात. घड्याळ लावून पाक करणाऱ्यांचंही तेच, इथली मिनिटं वेगळी. पाक बोटावर घेऊन तार बघणं हा जुना उपाय प्रत्येक गावी बरोबर चालतो.

पाक पुढे गेला आणि लाडू वळेनासे झाले, तर मिश्रणावर गरम दुधाचा हबका मारून दहा मिनिटं झाका. असे लाडू टिकत नाहीत, तीन दिवसांत खाऊन टाका. पाक कच्चा राहून मिश्रण सैल झालं असेल तर घाईने साखर घालू नका. तीन-चार तास झाकून ठेवा, रवा ओलावा ओढून घेतो. तरी नाहीच जमलं तर कढई पुन्हा मंद आचेवर चढवा.

बोअरच्या पाण्यात डाळ

पुरणाची डाळ शिट्ट्यांवर शिट्ट्या घेऊनही टचटचीत राहते, तेव्हा सगळे डाळीला दोष देतात. शहराला राकसकोप आणि हिडकलच्या जलाशयांतून नळाचं पाणी येतं, पण भाड्याच्या घरांत वापरायला बहुतेक वेळा बोअरचं किंवा विहिरीचं पाणी असतं. त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम जास्त असेल तर डाळ कडक राहते. डाळ भिजवायला आणि शिजवायला प्यायचंच पाणी घ्या. उंचीमुळे एखादी शिट्टी जास्त लागते हेही धरा. आणि गूळ डाळ पूर्ण मऊ झाल्यावरच घाला, गूळ पडल्यानंतर ती शिजायचं नाव घेत नाही.

गुळाबद्दल दोन गोष्टी

चिकोडी, रायबाग, गोकाक, अथणी हा सगळा उसाचा पट्टा, त्यामुळे इथे गूळ मुबलक आणि चांगला मिळतो. पण पिवळाधमक, देखणा गूळ निवडू नका. तो रंग बहुधा रसायनाने आणलेला असतो. तांबूस, थोडा काळपट गूळ घ्या. चिकीचा गूळ फक्त चिक्की आणि तिळाच्या लाडवांसाठी. तो गूळपोळीत घातला तर पोळी गार झाल्यावर चामट होते.

दुसरी गोष्ट खपली गव्हाच्या खिरीची. या पट्ट्यातल्या जत्रा-पंगतींचं हे मुख्य गोड. पाहुणे येणार म्हणून खीर 'भारी' करायला उकळत्या गुळाच्या खिरीत दूध ओततात, आणि दूध फाटतं. गुळातला आम्लपणा आणि उष्णता एकत्र आली की फाटणारच. इकडे अनेक घरांत खीर गुळातच शिजवतात, खसखस-सुकं खोबरं घालतात आणि दूध-तूप ताटात वरून वाढतात. मला तीच रीत जास्त आवडते, गव्हाची चव त्यात खरी लागते. दूध आत हवंच असेल तर खीर कोमट होऊ द्या, दूध वेगळं तापवून कोमट करा, मग मिसळा आणि परत उकळू नका. गहू आदल्या रात्री भिजवायला विसरू नका, ऐन वेळी कुकरने ती कसर भरून निघत नाही.

मोदकाला भाकरीचं पीठ

दुकानातलं तयार तांदळाचं पीठ बऱ्याचदा भाकरीसाठी दळलेलं, जाडसर असतं. त्याच्या उकडीला चिकटपणा नसतो, कळ्या पाडताना पारी चिरते. सोना मसूरीचंही तसंच. येळ्ळूर, वडगाव, शहापूरच्या शिवारातला बासमती किंवा आंबेमोहर घ्या, धुऊन सावलीत वाळवा आणि गिरणीत 'मोदकाला' असं सांगून बारीक दळून आणा. तांदूळ नवा असेल तर उकडीला पाणी थोडं कमी, जुना असेल तर थोडं जास्त. चिरणारी उकड कोमट पाणी आणि तुपाचा हात लावून पुन्हा मळली की बरीचशी सावरते.

करदंटातला डिंक

गोकाकचं करदंट, म्हणजे डिंक, सुकामेवा आणि गुळाच्या वड्या, घरी करताना डिंक एकदम सगळा तुपात टाकतात. तो बाहेरून फुलतो, आत कच्चा राहतो आणि दाताला चिकटतो. खडे सारख्या आकाराचे फोडून घ्या, मध्यम आचेवर थोडे थोडे तळा. तळलेला खडा बोटांत दाबल्यावर आरपार चुरला पाहिजे. गुळाचा पाक चिक्कीइतका कडक करू नका. गार पाण्यात टाकलेल्या थेंबाची दाबली जाणारी गोळी झाली की पुरे.

पावसाळ्यात उन्हाळ्यासारखी साठवण

खानापूरकडून येणारा पाऊस जूनमध्ये सुरू झाला की सप्टेंबरपर्यंत घरात ओल असते. साखर-गूळ हवेतलं पाणी ओढतात. लाडू गरम असताना डबा लावला की झाकणाला पाणी सुटतं आणि चौथ्या-पाचव्या दिवशी पांढरे ठिपके दिसतात. बुरशी आली की वरचं खरवडून खाऊ नका, सगळं टाका. नागपंचमीचे तंबिटाचे, म्हणजे भाजलेल्या पिठाचे लाडू, शेंगदाण्याचे लाडू पूर्ण गार करून कोरड्या स्टीलच्या डब्यात भरा, आणि एका मोठ्या डब्यापेक्षा दोन छोटे बरे, कारण रोज उघडला जाणारा डबा लवकर सादळतो. रवा-बेसन भाजायलाही या दिवसांत नेहमीपेक्षा जास्त वेळ द्या. चिक्की किंवा करदंट चिकट झालं तर फ्रीजमध्ये ठेवू नका, बाहेर काढल्यावर आणखी पाणी सुटतं. करदंट तसंच खाता येतं, चिक्की मात्र पुन्हा वितळवून पाक जरा पुढे न्या.

मांडे घरी करणं

इथे माझं मत स्पष्ट आहे: करू नका. उपड्या तापलेल्या कढईवर हातभर रुंद, पातळ मांडा टाकायला वर्षानुवर्षांचा हात लागतो आणि फ्लॅटच्या शेगडीवर ती आच मिळत नाही. करणाऱ्यांकडून मागवा, लग्नसराईत आगाऊ सांगून ठेवा. खानदेशातून आलेल्यांनी एक लक्षात घ्यावं, बेळगावच्या मांड्यात पुरण नसतं, पिठीसाखर आणि तूप असतं आणि तो कुरकुरीत असतो. त्यामुळे आणल्यावर तो पिशवीत दाबून ठेवू नका, रुंद डब्यात आडवा ठेवा. मऊ पडलाच तर अगदी मंद तव्यावर दोन्ही बाजूंनी नुसता गरम करून घ्या.