पहिला शर्मन: १/३५ मापाचा रणगाडा सुटे भाग ते तयार मॉडेल

रणगाड्याचं मॉडेल करायचं ठरलं की बहुतेक जण आधी डबा आणतात आणि मग त्यावर काय लिहिलंय ते वाचतात. मी उलटं सांगेन. आधी गाडी ठरवा. कुठल्या वर्षाची, कुठल्या रेजिमेंटची, कुठल्या मातीत चाललेली, हे ठरलं की रंग, चाकांवरचे पट्टे, चिन्हं, धूळ या सगळ्यांचे निर्णय आपोआप सुटत जातात. ते ठरलं नसेल तर प्रत्येक पायरीवर हात अडखळतो.

उदाहरण म्हणून अमेरिकन एम-४ शर्मन घेऊ. दुसऱ्या महायुद्धात जवळपास ५० हजार शर्मन बनले, त्यामुळे मॉडेलच्या दुनियेत त्याचे कीटही (सुट्या भागांचे डबे) भरपूर आहेत. आपल्या दृष्टीने आणखी एक कारण आहे. १९४५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये ब्रह्मदेशात मेइक्तिलापर्यंत धडक मारणाऱ्या २५५ व्या भारतीय टँक ब्रिगेडमध्ये प्रॉबिन्स हॉर्स आणि रॉयल डेक्कन हॉर्स या रेजिमेंटचे शर्मन होते. १९६५ मध्ये खेमकरणच्या रणात डेक्कन हॉर्स पुन्हा शर्मनवरच लढली.

कीट निवडताना

सैनिकी गाड्यांसाठी सगळ्यात जास्त चालणारं माप १/३५. म्हणजे खऱ्या गाडीचे ३५ सेंटीमीटर मॉडेलवर एक सेंटीमीटर होतात. हे विचित्र माप आलं कुठून? जपानच्या शिझुओकातल्या तामिया कंपनीने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला पँथर रणगाड्याचं मॉडेल काढलं. त्यात मोटर आणि बॅटऱ्या बसवायच्या होत्या. त्या मावतील एवढं अंग ठेवलं आणि माप निघालं १/३५ च्या आसपास. पुढे तेच रूढ झालं.

पहिल्या शर्मनसाठी तामियाचा सुरुवातीच्या उत्पादनाचा एम-४ हा माझा आवडता कीट आहे. भाग एकमेकांत नीट बसतात, सूचनापत्रक स्पष्ट आहे, आणि पूर्ण झाल्यावर मॉडेल सुमारे १७ सेंटीमीटर लांब होतं. आजवर एकही कीट जोडला नसेल तर त्याआधी तामियाचीच विलीज जीप करा. जेमतेम साडेनऊ सेंटीमीटरची गाडी, पट्टे नाहीत, दोन-तीन संध्याकाळींत जोडून होते. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत महिंद्रने मुंबईत विलीजच्याच जीपची जोडणी सुरू केली होती, त्यामुळे तिचं नाक आपल्या ओळखीचं असतं आणि चूक झाली तर डोळ्याला लगेच कळते.

इथे एक बारकावा सांगतो, कारण इथेच पुष्कळ जण फसतात. ब्रह्मदेशातल्या भारतीय ब्रिगेडचे शर्मन ब्रिटिश नावाने ‘शर्मन पाच’, म्हणजे एम-४ए-४ होते. साध्या एम-४ मध्ये विमानाच्या इंजिनावरून आलेलं, हवेने थंड होणारं नऊ सिलिंडरचं गोल इंजिन होतं. एम-४ए-४ मध्ये क्रायस्लरने मोटारींची पाच इंजिनं एकत्र जोडून ३० सिलिंडरचं धूड बसवलं. ते मावेना म्हणून रणगाड्याचं अंगच लांबवलं आणि चाकांच्या जोड्यांमधलं अंतर वाढलं. १/३५ मध्ये हा फरक साधारण सहा मिलिमीटरचा, पण बाजूने पाहिल्यावर लपत नाही. मेइक्तिलाचाच रणगाडा हवा असेल तर एम-४ए-४ चा कीट शोधा. तो असूकाने काढला आहे. साध्या एम-४ वर डेक्कन हॉर्सची चिन्हं चिकटवू नका. पहिल्या वेळी एम-४ अमेरिकन खुणांसहच करावा, हे माझं मत.

हत्यारं

महागडी पेटी घ्यायची गरज नाही. स्प्रूपासून, म्हणजे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात तिच्यापासून, ते तोडायला एक चांगला निपर (बारीक कटर) घ्या. इथे मात्र पैसे वाचवू नका, बोथट निपर प्लास्टिक चिरडतो आणि पांढरा डाग सोडतो. मेडिकलच्या दुकानातून ३ नंबरचं हँडल आणि ११ नंबरची सर्जिकल ब्लेड आणा. हार्डवेअरवाल्याकडून ४००, ६०० आणि १००० नंबरचा वॉटर पेपर आणा आणि त्याच्या पट्ट्या आइस्क्रीमच्या काड्यांवर दुहेरी टेपने चिकटवा. चिमटा बारीक टोकाचा हवा. मांडीवर एक फिकट रंगाची जुनी चादर पसरून बसा. उडालेला भाग फरशीवर शोधण्यात गेलेली संध्याकाळ परत मिळत नाही.

चिकटवायला पातळ प्लास्टिक सिमेंट वापरा, ज्याच्या बाटलीच्या झाकणाला ब्रश असतो. हे सिमेंट गोंदासारखं मध्ये बसत नाही, ते दोन्हीकडचं प्लास्टिक वितळवून एकजीव करतं. म्हणून रंगवलेल्या जागेवर ते नीट धरत नाही. फेविक्विक फक्त धातूच्या किंवा रेझिनच्या भागांसाठी ठेवा. पारदर्शक भागांजवळ ते वापरलं तर वाफेने काच धुरकट होते.

तोडणं, घासणं, मग जोडणं

सुरुवातीला सगळे स्प्रू कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकून धुऊन वाळवा. साच्यातून सुटावेत म्हणून लावलेल्या तेलाचा अंश राहिला असेल तर रंग पकडत नाही.

भाग दोन वेळा तोडा. आधी थोडं लांबून, मग उरलेला बुंधा भागाच्या अंगालगत. शेवटचा कण ब्लेडने कापू नका, वॉटर पेपरने घासा. साच्याच्या दोन तुकड्यांची जी रेघ भागाभोवती फिरते तीही घालवा. शर्मनच्या चाकांच्या रबरी कडेवर ती ठळक दिसते. चाक टूथपिकमध्ये अडकवा आणि पेपरवरून गोल फिरवा, बारा चाकं अर्ध्या तासात होतात. तोफेच्या नळीवर ही रेघ राहिली तर सगळं मॉडेल खेळण्यासारखं दिसतं, तेव्हा तिथे १००० नंबरपर्यंत जा.

आता खालचं अंग. शर्मनच्या प्रत्येक बाजूला तीन बोगी असतात, प्रत्येकीत दोन चाकं आणि मध्ये उभ्या शंकूसारख्या स्प्रिंगा. वर पट्टा सरकवणारा छोटा रोलर बहुतेक शर्मनवर बोगीच्या मध्यावर नसतो, मागच्या बाजूला एका आधारावर बसवलेला असतो. म्हणजे डावी आणि उजवी बोगी आरशातल्या प्रतिबिंबासारखी वेगळी असते. माझ्या पहिल्या शर्मनवर एका बाजूचे तिन्ही रोलर पुढे तोंड करून बसले आणि सिमेंट वाळल्यावर उखडताना एक हात तुटला. तेव्हापासून मी सहाही बोगी तयार केल्या की ताटात दोन रांगांत ठेवतो, ‘डावी’ आणि ‘उजवी’ अशी चिठ्ठी लावतो आणि मगच सिमेंटची बाटली उघडतो.

बोगी लावल्यावर सिमेंट ओलं असतानाच अंग एका काचेच्या तुकड्यावर ठेवा. सगळी चाकं काचेला टेकली पाहिजेत. एखादं अधांतरी असेल तर आत्ता वाकवा, रात्रीनंतर उशीर झालेला असतो.

जोडायची पद्धत अशी: दोन भाग आधी कोरडेच जुळवा. बसत नसतील तर का बसत नाहीत ते शोधा, बहुतेक वेळा एखादा घासायचा राहिलेला बुंधा सापडतो. मग भाग धरून ठेवा आणि ब्रशचं टोक फटीला टेकवा. सिमेंट फटीतून आपोआप धावत जातं. ब्रशने सगळीकडे फासायचं नसतं. तिथे बोट मात्र ठेवू नका, नाहीतर सिमेंट बोटाखाली ओढलं जातं आणि प्लास्टिकवर बोटाचा ठसा कायमचा उमटतो.

बुरुज (तोफेचा वरचा फिरता भाग) आणि पुढचं गोलाकार गिअर कव्हर खऱ्या शर्मनवर ओतीव पोलादाचे असतात, आणि ओतकामाचा पृष्ठभाग खरखरीत असतो. मॉडेलवर तो गुळगुळीत वाटला तर मॉडेलसाठीच्या पुट्टीचा थेंब प्लास्टिक सिमेंटमध्ये कालवून पातळ करा, जुन्या ब्रशच्या ताठ केसांनी टोचत टोचत बुरुजावर लावा आणि वाळल्यावर ६०० च्या पेपरचा हलका हात फिरवा. एवढ्या एका कामाने बुरुजाला वजन येतं. बाकीचं अंग वेल्डिंग केलेल्या सपाट पत्र्यांचं असतं, तिथे हे करू नका.

पट्टे, बारीक कड्या आणि मागची अवजारं आत्ता लावू नका. बुरुजही सुटाच ठेवा.

रंग

प्रायमर वगळू नका. राखाडी प्रायमरचा एक पातळ थर दिला की घासायची राहिलेली प्रत्येक जागा ओरडून समोर येते. ती दुरुस्त करा आणि पुन्हा प्रायमर द्या.

अमेरिकन रणगाड्याचा रंग ऑलिव्ह ड्रॅब. तामियाच्या अॅक्रिलिकमध्ये तो एक्सएफ-६२. बाटलीतला रंग तसाच मारला तर एवढ्या छोट्या मॉडेलवर फार गडद वाटतो, म्हणून त्यात थोडा फिकट पिवळसर रंग मिसळा. आधी गडद मिश्रण कोपऱ्यांत आणि चाकांमागे, मग थोडं उजळ मिश्रण वरच्या सपाट पत्र्यांच्या मध्यभागी. एअरब्रश असेल तर हे सोपं जातं. नसेल तर रुंद मऊ ब्रशने दुधाएवढा पातळ रंग तीन-चार थरांत द्या, प्रत्येक थर पूर्ण वाळू द्या आणि आधीच्या थराला आडवा हात चालवा. जाड एका थरापेक्षा पातळ चार थर कधीही चांगले दिसतात.

मुंबई-कोकणात पावसाळ्यात लॅकर किंवा स्प्रे कॅन वापरणार असाल तर सावध राहा. हवेतली ओल रंगात अडकते आणि पृष्ठभागावर पांढुरकी झाक येते. पाऊस थांबलेल्या कोरड्या दुपारी रंगवा. खिडकी उघडी हवी, जवळ ज्योत नको आणि तोंडावर रंगाच्या वाफेसाठीचा मास्क हवा. प्लास्टिक घासतानाही साधा धूळरोधक मास्क लावा.

डेकल

डेकल म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायची छापील खूण. अमेरिकन गाडीचा पांढरा तारा खरखरीत मॅट रंगावर थेट चिकटवला की त्याच्या पारदर्शक कडेखाली हवा राहते आणि ती चंदेरी चमकते. म्हणून आधी चकचकीत क्लिअर कोट द्या. डेकल कोमट पाण्यात वीस-तीस सेकंद बुडवा, कागदावर सैल होईपर्यंत थांबा, मग जागेवर सरकवा. वर डेकल सॉफ्टनर लावा. थोड्या वेळाने ते सुरकुततं, तेव्हा घाबरून हात लावू नका. वाळताना ते ताणून बसतं आणि रिव्हेटच्या डोक्यांवरही चिकटतं. नंतर पुन्हा क्लिअर कोट.

वॉश आणि धूळ

वॉश म्हणजे फटींत आणि कडांना सोडायचा अगदी पातळ गडद रंग. इथे मॉडेल गाडी बनते. तेलरंगातला बर्न्ट अंबर मिनरल टर्पेंटाइनमध्ये चहाच्या पाण्याएवढा पातळ करा. बारीक ब्रशचं टोक रिव्हेटच्या कडेला, जोडरेषेला टेकवा, रंग रेषेतून पळतो. अॅक्रिलिक किमान एक दिवस वाळलेलं असलं की टर्पेंटाइन त्याला धक्का लावत नाही. अर्ध्या तासाने टर्पेंटाइनमध्ये जेमतेम ओल्या केलेल्या स्वच्छ ब्रशने जास्तीचा रंग वरून खाली ओढा, पावसाचे ओघळ जसे उतरतात तसे.

खरवडलेला रंग दाखवायचा असेल तर स्पंजचा तुकडा गडद तपकिरीत बुडवा, कागदावर जवळजवळ कोरडा करा आणि मग हलकेच टेकवा. चंदेरी रंग वापरू नका, उघडं पडलेलं पोलाद हवेत लगेच काळपट होतं. आणि जागा विचारून निवडा. सैनिक चढताना पाय कुठे ठेवतील, कुठल्या झाकणाची कड रोज आपटेल, तिथेच.

आता पट्टे. ते आधी बाहेरच रंगवून घ्या, धातूचा गडद राखाडी आणि रबराचा काळपट. जर्मन टायगर किंवा रशियन टी-३४ चे पट्टे चाकांवर सैल लोळतात. शर्मनचे पट्टे रबरी बुशिंगमुळे ताठ असतात, वरच्या रोलरांवर जवळजवळ सरळ रेषेत जातात. तामियाचे मऊ पट्टे याच कारणाने इथे शोभतात.

धुळीला जागा लागते. मेइक्तिला ब्रह्मदेशाच्या मध्यातल्या कोरड्या पट्ट्यात आहे, तिथे फिकट, पिठासारखी धूळ. नॉर्मंडीत ओला, गडद चिखल. खडूच्या पेस्टलची भुकटी किंवा मलमलीतून गाळलेली कोरडी माती चाकांवर आणि मडगार्डच्या खालच्या भागात ब्रशने बसवा, वर टर्पेंटाइनचा एक थेंब सोडला की ती धरते. वर चढत जाताना धूळ विरळ झाली पाहिजे. मग मॅट क्लिअरचा शेवटचा थर.

पुढचा कीट

शर्मन जमला की सेंच्युरियन घ्या. एएफव्ही क्लबचा १/३५ कीट अवघड आहे. सस्पेंशनमध्ये खऱ्या धातूच्या स्प्रिंगा असतात आणि बारीक भाग पुष्कळ. पण तो करावा असं फार वाटतं. पुण्यात जन्मलेले सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत पूना हॉर्सच्या ‘फॅमागुस्टा’ नावाच्या सेंच्युरियनमधून शेवटपर्यंत लढले आणि त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. तो रणगाडा अहिल्यानगरच्या (पूर्वीचं अहमदनगर) आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये जपून ठेवलेला आहे. त्याच शहरातल्या रणगाडा संग्रहालयात सेंच्युरियन, मॅटिल्डा, चर्चिल, पॅटन असे रणगाडे मोकळ्या हवेत रांगेने उभे आहेत. सेंच्युरियन सुरू करण्याआधी एकदा तिथे जा आणि गुडघ्यावर बसून चाकांच्या मागे पाहा. गंज कुठे धरतो, रंग कुठे सोलवटतो, वेल्डिंगची रेघ किती जाड असते, हे सूचनापत्रक सांगत नाही.

शर्मनचं एक काम मात्र बाकी आहे. अँटेना. उरलेल्या स्प्रूचा बोटभर तुकडा दोन्ही टोकांना धरा आणि मेणबत्तीच्या ज्योतीच्या थोडा वर, सावकाश फिरवत तापवा. टर्पेंटाइन आणि सिमेंट दुसऱ्या खोलीत ठेवलेलं असू दे. मध्यभाग चकाकून मऊ झाला की ज्योतीपासून दूर घ्या आणि एका दमात ओढा. केसासारखी काडी निघते, जोरात ओढली तर आणखी बारीक. हवी तेवढी कापा, काळपट रंगवा आणि बुरुजाच्या मागच्या बाजूच्या अँटेनाच्या बुडाला फेविक्विकच्या टाचणीच्या टोकाएवढ्या थेंबाने लावा. ही सगळ्यात शेवटी, कारण बाही लागून ती हमखास तुटते. दोन जादा काढून ठेवा.