नातीच्या हाताचा रंग कसा बनवावा

गेल्या जूनमध्ये गोव्यात साखळी गावातल्या आमच्या घरी सहा वर्षांच्या नातीने स्वतःचं चित्र काढलं आणि अंगाला फिकट गुलाबी खडू फासला. "हाच अंगाचा रंग असतो, आजी." तिचा हात माडाच्या गुळासारखा आहे.

अशा वेळी "तूही छान दिसतेस" म्हणू नका. मी म्हटलं, आणि पोर गप्प झाली. त्या 'ही'मध्ये काय दडलंय ते तिला कळलं.

त्यापेक्षा रंग कालवायला बसा. पोस्टर कलर घ्या: पिवळा दोन चमचे, लाल एक, निळा थेंबाथेंबाने. निळा जास्त झाला तर मिश्रण शेवाळी दिसतं, मग थोडा लाल वाढवा. गडद करायला काळा ओतू नका, रंग मळकट होतो. कागदावर लावून वाळू द्या, कारण वाळल्यावर छटा बदलते. मगच हाताशी धरून पाहा. जुळेपर्यंत घाई नको, आम्हाला अख्खी दुपार लागली. नाव मुलीलाच ठेवू द्या. तिचा 'माडाचा गूळ', माझा 'करवंटी', आजोबांचा 'सुपारी'. घरातल्या सगळ्यांचे रंग करा, नाहीतर फक्त तिच्याच रंगात काही वेगळं आहे असं तिला वाटेल.

गोरी आणि काळी बाहुली समोर ठेवून "चांगली कुठली?" असं मात्र विचारू नका. अमेरिकेत १९४०च्या दशकात केनेथ आणि मेमी क्लार्क या कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ दांपत्याने तीन ते सात वर्षांच्या मुलांना असंच विचारलं होतं. बऱ्याच कृष्णवर्णीय मुलांनी गोरी बाहुली चांगली म्हटली. "तुझ्यासारखी कुठली?" विचारल्यावर काही जण रडू लागले. शाळांतला वर्णभेद घटनाबाह्य ठरवणाऱ्या १९५४च्या निकालात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने क्लार्क यांच्या कामाचा आधार घेतला. तिथे मुळाशी गुलामगिरी आणि वेगळ्या शाळा होत्या. आपल्याकडे जात आहे, लग्नाचा बाजार आहे. पण तीन वर्षांचं मूल हे शिकतं, ही गोष्ट मला झोपू देत नाही.

म्हणून आपली जीभ आधी सांभाळा. "उन्हात जाऊ नको, काळी पडशील" ऐवजी "ऊन लागेल" म्हणा. न्हाऊ घालताना बेसन लावा, पण उजळण्यासाठी म्हणून नको. पाहुण्यांना मुलीच्या देखतच थांबवा; नंतर स्वयंपाकघरात कुजबुजून उपयोग नाही. चवथीला नात्यातल्या एक बाई म्हणाल्या, "आईवर गेली असती तर!" मी आरतीचं ताट खाली ठेवलं आणि म्हटलं, "वहिनी, तिच्या रंगावर या घरात बोलायचं नाही." नात माझा पदर धरून उभी होती.